मनी म्हणजे मांजर

आमच्या अमेरिकेतल्या श्रूजबरीत बर्फ पडायला लागलं की पार्किंगमध्ये आपली गाडी कुठे आहे ते झाडूच्या दांड्याने टोचून टोचून शोधावं लागतं. एका वर्षी मी सकाळभर खपून एक गाडी उकरून काढली, तर ती निघाली शेजाऱ्याची. त्याने संध्याकाळी आभार म्हणून केक आणून दिला. यातला केक शंभर टक्के खरा आहे, बाकीचं ज्याचं त्याने ठरवावं. पण आता जे सांगतेय त्यात मात्र मी मीठसुद्धा जास्त घातलेलं नाही. फार तर थोडी फोडणी.

दर रविवारी सकाळी एका चर्चच्या तळघरात आमच्या मंडळाची मराठी शाळा भरते. लहानांचा वर्ग गजबजलेला असतो, कारण लहानांना 'अ अननसाचा' म्हटलं की टाळ्या मिळतात. माझ्याकडे मोठ्यांचा वर्ग. मोठे म्हणजे दहा ते तेरा वर्षांचे. ह्या वयात आईबापांची भाषा बोलणं म्हणजे चारचौघांत स्वेटरच्या आत स्वेटर घालण्यासारखं असतं. मी विचारायचे, "काल काय जेवलात?" सगळे एका सुरात, "पिझ्झा." मी विचारायचे, "आणि आज काय जेवणार?" "पिझ्झा, मावशी." क्रियापदाची गरजच पडू द्यायची नाहीत कार्टी.

शाळेचा सगळा कारभार एका काकांकडे. पुण्याहून इथे येऊन त्यांना इतकी वर्षं झाली की कोलंबसाला पत्ता त्यांनीच सांगितला असावा. माणूस प्रेमळ, पण भाषेच्या बाबतीत सुरी. एका रविवारी ते आमच्या वर्गात मागे येऊन बसले, हाताची घडी घातली, आणि तास संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले,

"अगं, हा क्लास कंटिन्यू करण्यात काही पॉइंट दिसत नाही मला."

"का हो काका?"

"एकाही पोराला एक सेंटेन्स मराठीत बोलता येत नाही. नेक्स्ट टर्मपासून बंद करू. तू लहानांना हेल्प कर."

आता माझी हकिगत अशी, की माझा स्वतःचा मुलगा कॉलेजला गेलाय. फोनवर मी महाभारत सांगते आणि तो तिकडून 'अं' म्हणतो. त्या 'अं'वरून तो जेवलाय की नाही, परीक्षा कशी गेली, सर्दी झालीय का, सगळं मला ओळखावं लागतं. वेगवेगळ्या गावांतून तासतास गाडीत बसून येणारी ही पाच पोरं माझ्यासमोर उद्याचे 'अं' होऊन बसणार, हे मला चालणार नव्हतं. वर्ग बंद होऊ द्यायचा नाही, एवढं मी तिथल्या तिथे, त्या तळघरातल्या कॉफीच्या भांड्याच्या साक्षीने ठरवलं.

"काका, स्नेहसंमेलनाला माझा वर्ग कार्यक्रम करेल. पूर्ण मराठीत. आवडला तर वर्ग चालू, नाही तर बंद."

"पूर्ण मराठीत?" काका हसले. "एक जरी इंग्लिश वर्ड आला ना, तर फिनिश. डील?"

"ठरलं," मी म्हटलं. हा शब्द मी मुद्दाम वापरला. त्यांच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या रविवारी मी पोरांना सगळं खरं खरं सांगितलं. वर्ग बंद होईल म्हटल्यावर त्यांना आनंद होईल अशी माझी अपेक्षा होती. तर सगळ्यांची तोंडं पडली. नंतर कळलं, की मराठीपायी नव्हे हो! मधल्या सुट्टीत ही पाचही जणं एका जपानी सिनेमाबद्दल बोलायला एकत्र यायची. त्यांच्या शाळांमध्ये कुणालाच त्या सिनेमाचं एवढं वेड नव्हतं. म्हणजे माझं व्याकरण हे त्यांच्या मधल्या सुट्टीचं तिकीट होतं.

सिनेमा म्हणजे ॲनिमेशन, मुळात जपानी चित्रकथांवरून केलेला. एका बंदरगावातली शाळकरी मुलगी. सकाळी मावशीच्या दुकानातलं टोफू घरोघर पोचवते. पिवळा रेनकोट घातला आणि त्याची चेन वरपर्यंत ओढली, की तिचं रूप पालटतं, केस निळे होतात, हातात विजेची काठी येते, आणि ती गावावर चालून आलेल्या दर्याखालच्या राणीशी लढते. मुलांनी तो थिएटरात जपानी आवाजातच, खाली इंग्रजी ओळी वाचत पाहिलेला. रूप पालटण्याचा तेवढा तुकडा सिनेमावाल्यांनी जाहिरातीसाठी इंटरनेटवर फुकट सोडला होता.

"मग हाच आपला कार्यक्रम," मी टेबलावर हात आपटून म्हटलं. "पडद्यावर चित्र लावायचं, आवाज बंद करायचा, आणि आपण मराठीत बोलायचं."

"बट मावशी, डू यू नो जॅपनीज?"

"म्हणजे काय! मी टोकियोत राहिलेय." राहिले होते खरी. विमान बदलायला. संध्याकाळपर्यंत. खुर्चीत. "जपानी म्हणजे काय आहे बाळांनो, घाईघाईत बोललेलं मराठी. ऐका."

आणि देवाशपथ, तो तुकडा लावला तर पहिल्याच वाक्यात ती मुलगी दचकून म्हणाली, "अरे?" अगदी आपल्यासारखं. मग तिच्या मावशीने हाक मारली, तर ओ देताना म्हणाली, "हाय!" माझ्या माहेरी, कोल्हापुराकडे, 'आहे' म्हणायचं तर 'हाय'च म्हणतात. माझी छाती भाता झाली. तिसऱ्या वाक्याला मात्र ती पाण्याच्या काठावर उभी राहून जीव तोडून ओरडली, "नको! नको!"

बघा, म्हटलं. हिला शक्ती नको आहे. लहान पोर, घाबरलेलं. मी घरी जाऊन असा संवाद लिहिला की लिहिता लिहिता मलाच रडू आलं: 'नको! नको मला ही शक्ती! मला साधी मुलगीच राहू दे!' नवऱ्याला वाचून दाखवला. तो भाजी चिरत होता, तोही डोळे पुसायला लागला. कांद्याचं काही सांगू नका.

आमच्या वर्गात एक अकरा वर्षांची मुलगी होती. कायम टोपी डोक्यावर ओढलेली, हातात कायम चित्रकथेचं एक पुस्तक, तेही उजवीकडून डावीकडे वाचायचं. वर्षभरात तिने मराठीचा एक शब्द काढला नव्हता. पहिल्या दिवशीच तिची आई मला म्हणाली होती, "समजतं हो सगळं. बोलत नाही." हे वाक्य इथे प्रत्येक आई म्हणते, अमेरिकेच्या राष्ट्रगीतात घालायला हरकत नाही. पण ह्या मुलीचे डोळे सांगायचे की हिला खरंच समजतंय, आणि जे समजतंय ते फारसं आवडत नाहीये.

तालमीला मी माझा करुण संवाद वाचायला घेतला. "नको! नको मला ही..."

"नको नाही!"

मी थांबले. सगळा वर्ग वळला. टोपीखालून आवाज आला होता.

"मावशी, ते नको नाहीये! ते नेको! ती मांजरला बोलवते! मांजर पाण्यात पडला!" ती उभी राहिली होती, कान लाल. "तुम्ही सगळा राँग लिहिला!"

आता मी रडून लिहिलेला संवाद पार पाण्यात गेला होता, मांजरासकट, आणि मला मात्र नाचावंसं वाटत होतं. पोरीने एका दमात चार-पाच वाक्यं टाकली होती. लिंगं इकडची तिकडे, विभक्ती लंगडत होती, पण चालत होती ना! मी चेहरा शक्य तेवढा दुखावलेला ठेवला.

"असं? मग तूच सांग. मांजराला हाक कशी मारायची मराठीत?"

"मांजर! मांजर!" एक मुलगा म्हणाला.

"माणसाला आपण 'माणूस! माणूस!' अशी हाक मारतो का?" मी म्हटलं. "आपल्याकडे मांजरीचं नाव ठरलेलंय. मनी. घरोघरी मनी."

तर पोरं खाली कोसळली हसून. "मनी? मावशी, द कॅट इज ड्राउनिंग अँड शी वॉन्ट्स मनी?"

टोपीवाली मात्र हसली नाही. तिने तुकडा परत लावला, आवाज बंद केला, आणि चित्रातल्या तोंडाबरोबर पुटपुटून पाहिलं. मनी. मनी. दोन अक्षरं, बरोबर बसत होती. "मनीच," ती म्हणाली.

त्यानंतर तिने माझा वर्ग ताब्यात घेतला. मी नावाला शिक्षिका उरले. रेनकोट इंग्रजी, चालणार नाही. काय म्हणायचं? मी म्हटलं, कोकणात शेतात काम करताना पावसात बांबूचं आणि पानांचं 'इरलं' घेतात अंगावर. तो शब्द त्यांना खाऊसारखा आवडला. इरलं, इरलं, इरलं करत पळत सुटले. चेन इंग्रजी, काढा. शेवटी रूप पालटताना ती मुलगी जो मंत्र म्हणते, त्याचं मराठी त्यांनी स्वतःच केलं: 'इरलं ओढ, रूप सोड!' कोणी चुकून 'ओके' म्हटलं तर टोपीवाली अशी बघायची की 'ओके' घशातच विरघळायचं. ती स्वतः प्रत्येक वाक्य इतक्यांदा घोटायची की तिच्या आईचा मला फोन आला: "अहो, ही आंघोळीतसुद्धा मांजराला हाका मारतेय. काय शिकवताय?"

स्नेहसंमेलनाच्या दिवशी तळघर फुगलं होतं. समोशांचा वास असा, की शेजारच्या गावचे पोलीस चौकशीला आले नाहीत हेच नवल. काका पहिल्या रांगेत, हाताची घडी. दिवे मंद झाले. पडद्यावर बंदर, पिवळ्या रेनकोटमधली मुलगी, आवाज बंद. आणि बाजूला एका मायक्रोफोनभोवती माझी पाच जणं, एकमेकांच्या पायांवर उभी.

"अरे? पाणी का वाढतंय?"

"मावशी, दुकान बंद कर! दर्याखालची राणी येतेय!"

स्वच्छ! एकेक शब्द तांदळासारखा निवडलेला. मागून कुणाची तरी आई "अगं बाई" म्हणाली. आता पडद्यावरची मुलगी काठावर आली, वाकली, आणि आमची टोपीवाली, आज चक्क टोपी काढून, ओरडली,

"मनी! मनी!"

काका उभे राहिले. हात वर. "स्टॉप, स्टॉप! इंग्लिश वर्ड! मनी! मनी म्हणजे पैसे! बाळा, मी क्लिअर सांगितलं होतं."

सगळं थांबलं. कुणीतरी दिवे लावले. इतकी वर्षं इथे राहून काकांच्या कानातली मनीमाऊ कधी निघून गेली होती, आणि तिथे डॉलर येऊन बसला होता, हे त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात टोपीवालीने मायक्रोफोन दोन्ही हातांत घेतला.

"काका, मनी मांजर असते." मग, जणू तिला त्यांची खरंच काळजी वाटत होती, "तुम्हाला मराठी येत नाही का?"

तळघरात हशा असा उसळला की वर प्रार्थनेला बसलेले लोक उठून उभे राहिले असावेत. काकांचा चेहरा आधी गव्हाचा झाला, मग बिटाचा. मग ते खाली बसले आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून म्हणाले, "मनीमाऊ! अगं, आमच्याकडे होती. पांढरी. आई तिला 'मनी' म्हणायची." आणि हसले. मग हसतच राहिले, चष्मा काढून.

"बरं बरं," ते म्हणाले. "कंटिन्यू करा. छान चाललंय."

टोपीवाली हलली नाही. बाकीच्या चौघांनी तिच्याकडे पाहिलं आणि तेही हलले नाहीत. पडद्यावर ती मुलगी अजून काठावर वाकलेलीच होती, मांजर अजून पाण्यात होतं.

"आधी सांगा," टोपीवाली म्हणाली. "आमचा वर्ग चालू की बंद?"

"अगं, आपण कमिटीत डिस्कस करू."

"मराठीत सांगा."

"ते... बैठकीत बोलू."

"आत्ता सांगा."

मी शिक्षिका असते तर रागावले असते. पण मी त्या वेळी खांबामागे उभी राहून स्वतःची ओढणी चावत होते. काकांनी आमच्या सगळ्या पालकांकडे पाहिलं, पालकांनी छताकडे पाहिलं. एवढ्याशा पोरीच्या पायाचा अंगठाही हलत नव्हता. शेवटी काका परत उभे राहिले, कोट नीट केला आणि म्हणाले, "चालू."

"मोठ्याने."

"चालू! चालू! हा वर्ग चालू!"

दिवे विझले. पोरांनी सगळं पहिल्यापासून घेतलं. ह्या वेळी टोपीवालीने 'मनी!' अशी हाक मारली, की मी शपथेवर सांगते, कार्यक्रम संपवून आम्ही बाहेर आलो तर पार्किंगमध्ये श्रूजबरीतली झाडून सगळी मांजरं येऊन बसली होती. काही तर शेजारच्या वुस्टरहून आली असावीत. काकांना चाकापुढे बसलेल्या एका पांढऱ्या मनीपायी आपली गाडी बराच वेळ काढता आली नाही.