घाण्याच्या जागेची मुदत

जळकोटात सडकेला लागून शरणम्माच्या नवऱ्यानं, महांतप्पानं, जागा घेतली ती तीस वर्षांच्या कौलावर, म्हणजे भाडेपट्ट्यानं. घर त्यानं बांधलं, वर माडी चढवली, तेलाचा दगडी घाणा रोवला; जमीन मात्र नळदुर्गच्या एका इनामदाराची. उर्दूतल्या त्या कागदात एक कलम होतं. मुदत संपायच्या आत मालकाच्या सहीनं ती वाढवून घेतली नाही, तर घाण्यासकट सगळं मालकाचं.

महांतप्पा वारला तेव्हा अकरा वर्षं बाकी होती. शरणम्माला ती जन्मभर पुरतील असं वाटलं होतं. करडईचं तेल गाळत, बैलामागं फिरत ती कधी सरली तिचं तिलाच कळलं नाही. निजामी फसली सन तेराशे सत्तावन्नचा शेवटचा महिना, आबान, संपला की कौल संपणार होता, ऐन दसऱ्याच्या तोंडावर.

उन्हाळ्यातच ती नळदुर्गला जाऊन आली. इनामदार वारलेले. त्यांची बायको हमीदाबी पडद्याआडून बोलली, "ईद के बाद आव, शरणम्मा. मोहर भाई के पास है. उनो हैदराबाद से आए की करके देती." तिनं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. शरणम्मा लिंगायत, सोवळं पाळणारी; तिनं तो हातात घेतला आणि न पिताच खाली ठेवला. परतीच्या वाटेवर ते शरणम्माला टोचत राहिलं.

ईद झाली. भाऊ काही आला नाही. रझाकारांच्या भीतीनं रस्ते ओस पडले आणि भाद्रपदात सोलापूरकडून रणगाडे आले. चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. लोक सडकेवर येऊन नाचले, शरणम्मानंही दारात सडा घातला. पण मग दुसरंच सुरू झालं. जाच करणारे रझाकार केव्हाच पळाले होते; राग निघाला तो मागं राहिलेल्या मुसलमानांवर. गावोगावहून घरं जाळल्याच्या, माणसं मारल्याच्या बातम्या येऊ लागल्या.

दीर कल्याणप्पा खुशीत आला. "वैनी, आता कुनाची सही घेता? इनामदाराचं घर मोकळं पडलंय म्हनं. जागा आपलीच झाली."

"आपली कशी, भावजी? कागद काय म्हनतो?"

"कागद निजामाच्या राज्यातला. राज्यच न्हाय तर कागद कुठला?"

"उद्या तुमच्यापेक्षा दांडगा कुनी आला आन् हेच बोलला, तर म्या त्याला काय दावू?"

कल्याणप्पा हसला. तिनं मात्र दुसऱ्या दिवशी पहाटेच गाडी जुंपली.

नळदुर्गात इनामदाराच्या घराला दारं उरली नव्हती. शेजारच्या एका म्हातारीनं आजूबाजूला बघून हळूच सांगितलं, दर्ग्यात बघ. दर्ग्याच्या ओवरीत दहा-बारा बायका बसल्या होत्या. त्यातल्या एकीनं तिला हाक मारली; आवाज हमीदाबीचा, डोक्यावर फाटकी ओढणी. पडदा आता कसला? शरणम्मानं तिचं तोंड आज पहिल्यांदा पाहिलं. कमरेचा कागद काढायला तिचा हात उठेना.

ती का आली ते हमीदाबीनंच ओळखलं. "सही होना ना? मोहर नै, मकान नै. मेरा बेटा बी नै रहा. मेरे सहीकू अब कौन मानता?"

"म्या मानते," शरणम्मा म्हणाली. मग विचारलं, "इथं तुमचं खायाप्यायाचं कसं?"

हमीदाबीनं कागदासाठी हात पुढं केला.

तिनं तिथंच कागदावर सही केली. पण नोंदणीच्या कचेरीला कुलूप होतं, नोंद होणार नव्हती, आणि नोंदीशिवाय त्या सहीला किंमत नव्हती. शरणम्मा गाडीपाशी गेली, जू उचललं, पुन्हा खाली ठेवलं. परत ओवरीत येऊन म्हणाली, "चला माझ्यासंगं. माडी रिकामीच हाय."

जळकोटात गाडी शिरली तेव्हा लोक ओट्यांवरून उठून उभे राहिले. कल्याणप्पा रात्र पडायच्या आत दारात आला.

"हिला आत्ताच्या आत्ता घालवा, वैनी. घराण्याचं नाव घालवताय तुमी."

"जागा तिची हाय, भावजी. तिच्याच जागेतून तिला कशी घालवू?"

त्यानं उंबऱ्यावरूनच पाठ फिरवली. गिऱ्हाईक तुटलं. एकदा दारावर दगड आले. शरणम्मा जिन्याच्या पायरीशी अडकित्ता घेऊन बसून राहिली. आपण भितो आहोत हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि हमीदाबीलाही. वर ती नमाज पढायची, खाली ही लिंगपूजा करायची. दोघी फारशा बोलत नसत. एकदा हमीदाबीला ताप चढला, तेव्हा शरणम्मानं तिचं डोकं मांडीवर घेऊन तेल चोळलं.

थंडीत कचेरी उघडली. कारकून म्हणाला, "मुदत तर केव्हाच संपली. आता वाढवता येत नाही. कागदाप्रमाणं सगळं या बाईंचं."

"तो नवा लिखो," हमीदाबी म्हणाली. "मैं सामने खडी हूं ना!"

नवा कौल झाला, आणखी तीस वर्षांचा. पुढं पंधरा दिवसांनी भावानं माणूस पाठवला आणि हमीदाबी हैदराबादला गेली. तिचं पत्र कधी आलं नाही. शरणम्माला पत्ता माहीत नव्हता.

तेलाचं गिऱ्हाईक हळूहळू परतलं. कल्याणप्पा परतला नाही. पुढल्या वर्षी त्याच्या मुलाचं लग्न झालं. शरणम्माला आवतन नव्हतं. वरात सडकेवरून, तिच्या दारासमोरून गेली. तिनं बैल थांबवला. वाजंत्री पार पुढं जाऊन ऐकू येईनाशी होईपर्यंत ती घाण्यात फिरणाऱ्या लाकडी लाटेला धरून उभी होती.