आभाळावरचा डाग

व्हिनेगरची बाटली उघडली की मी अजून सिंदी गावातल्या फोटो स्टुडिओत जाऊन उभी राहते. तिथल्या अंधाऱ्या खोलीतून असाच आंबट वास यायचा. परसातल्या दुर्बिणीला कॅमेरा बांधून, सरकत्या आभाळाबरोबर ती सरकावी म्हणून हातानं स्क्रू फिरवत मी धूमकेतूचा फोटो काढला होता. त्याच रिळात स्थळांना दाखवायचा माझाही फोटो होता.

स्टुडिओवाले काका खुशीत होते. "आभाळात पांढरा डाग पडलता, पोरी. म्या ब्रशनं साफ करून देल्ला."

फोटोत नुसतं काळं आभाळ उरलं होतं.

"काका, तो डागच धूमकेतू होता."

ते गडबडले. मग माझा फोटो पुढे सरकवत म्हणाले, "तुया हनुवटीवरचा तीळबी काढला, पाह्य."

"दोन्ही परत छापा. डागासकट."

"तुये बाबूजी रागावतीन."

"रागावू द्या. मले डागच पायजे."

तिळासकट फोटो पाहून तेव्हा आलेलं स्थळ परत गेलं.

धूमकेतू तेव्हा मला रेखीव वाटला होता. आता दिसतं, तो हललेला आहे. स्क्रू फिरवताना हात थरथरला असणार. तीळ मात्र जागच्या जागी आहे.