मानपत्राचा शेवटचा परिच्छेद

अन्याय माझ्या काकूवर झाला. गेल्या वैशाखात, काका फौजेतून कायमचे घरी आले त्या सकाळी, देवळासमोर मिरवणूक थांबून मानपत्र वाचून संपलं त्या क्षणी. सगळा गाव हजर होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आमचं गाव वडूजच्या बाजूचं, घरटी एक फौजी. माणूस निवृत्त झाला की उघड्या जीपमधून मिरवणूक, हलगी, हार आणि शेवटी माईकवरून मानपत्र. ते वर्षानुवर्षं एक गुरुजी लिहायचे. आदल्या दिवशी ते फौजीकडं नाही, त्याच्या बायकोसमोर जाऊन बसायचे. विचारायचे, "तो नव्हता तेव्हा तू काय काय निभावलंस, ते सांग." तिनं सांगितलेलं शेवटच्या परिच्छेदात यायचं. तो परिच्छेद फक्त तिचा. एकीनं भर उन्हाळ्यात विहिरीत उतरून मोटर वर काढली होती. एकीनं सासऱ्याला अग्नी दिला होता. गावाला हे ठाऊक असायचंच, पण नवऱ्याच्या गळ्यात हार असताना ते माईकवर ऐकायला बाया हातातली कामं टाकून यायच्या. काकू इतकी वर्षं दुसऱ्यांचे परिच्छेद ऐकत आली होती.

गुरुजींना आता दिसत नाही. ते सांगलीला लेकीकडं असतात. यंदा सत्कार समितीत काकूचाच मुलगा होता. त्यानं मानपत्र मोबाईलवर एआयकडून लिहून घेतलं. त्यात हिमशिखरं होती, मातृभूमी होती. शेवटी एक वाक्य होतं: या यशामागे सहधर्मचारिणीचा त्याग आणि खंबीर साथ आहे. संपलं.

दुपारी पाहुणे गेल्यावर काकू मागच्या दारी पातेली घासत होती. मी म्हटलं, "काकू, मानपत्र कसं वाटलं?"

"लय ग्वाड हुतं. कुणाच्याबी बायकूला बसंल."

मुलगा तिथंच खुर्च्या रचत होता. तो म्हणाला, "ताई, तू पत्रकं लिहितीस म्हणून तुला सगळीकडं खोट दिसती. एक शब्द खोटा दाखीव त्यातला."

मला दाखवता आला नाही. त्याच्या त्या बोलण्यावर मी पुढं कितीतरी दिवस विचार केला. पाण्याच्या आंदोलनात पत्रकं लिहायला शिकले तेव्हा मला पहिल्यांदा बजावलं होतं, की शेतकऱ्यांवर अन्याय झाला असं लिहू नकोस, कुणाच्या विहिरीचं पाणी गेलं ते लिही. चुकलं तर तो माणूस भांडायला आला पाहिजे. मानपत्रातल्या त्या वाक्यावर भांडायला कोण येणार? एआय मीही वापरते. लांबलेलं पत्रक एका पानात बसवून घेते. त्यामुळं सगळा राग यंत्रावर काढून मला मोकळं होता येत नाही. यंत्रानं काकूला विचारलं नाही, कारण ती त्याला माहीतच नव्हती. मुलाला माहीत होती. मागच्या दारापर्यंत जायचा कंटाळा केला त्यानं, आणि तो कंटाळा इतक्या सुबक भाषेत वाचला गेला की कुणाला दिसलाच नाही.

त्या दुपारी मात्र मी तिथंच काकूला गुरुजींचा प्रश्न विचारला.

"आत्ता इचारतीस व्हय? पातेली घासून झाल्यावर?" काकू हसली. मग हात पुसून बसली आणि सांगत राहिली.

दुष्काळात ती जनावरं घेऊन चारा छावणीत राहिली होती. मुलगा अंगावर पिणारा, थोरली शाळेच्या वयाची. पाटी घरी राहिलेली. धुळीनं माखलेल्या म्हशीच्या पाठीवर ओल्या बोटानं काकूनं तिला अक्षरं काढून दाखवली. ती थोरली आज मिरजेला नर्स आहे.

मी लिहून आणून वाचून दाखवलं. काकूनं तिथंच अडवलं. "म्हस न्हवं, रेडी हुती. म्हस हलायची लय."

मी दुरुस्त केलं. मुलगा ऐकत उभा होता. छावणीत आईच्या मांडीवर तोच होता, आणि त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

"आता फ्रेम करू," तो म्हणाला.

"फ्रेम कशाला? घरात मला ठावं हाय. माईकवर वाच."

"आये, कार्यक्रम झाला. आता परत माईक लावला तर माझं चुकलं असं हुईल."

"चुकलंच की रं," काकू म्हणाली.

काकूचा परिच्छेद माईकवर वाचायला समितीनं अजून होकार दिलेला नाही. म्हणतात, पायंडा पडेल. पडू दे.

दिवाळीला आमच्या गावात पुढचा फौजी येतोय. तुम्ही गावचे असाल तर माईक सुरू होताच उभे राहा आणि आधी काकूचा परिच्छेद मागा. गावचे नसाल, तर तुमच्याकडं पुढचं मानपत्र लिहायला घ्याल तेव्हा मोबाईल खिशात ठेवा, त्या बाईसमोर जाऊन बसा, आणि तिचं सांगून होईपर्यंत उठू नका.