शेवटच्या कोऱ्या पानावरची बाई

आमच्या मजल्यावर मी खोडी काढली नाही असं एकही दार नाही. बायको म्हणते, सुगंधावहिनींच्या वाटेला मात्र तू जात नाहीस, घाबरतोस त्यांना. घाबरतोच. पण खोडी काढून झाल्यावर घाबरायला लागलो, हे तिला माहीत नाही.

सुगंधावहिनी राणे म्हणजे आमच्या समोरचं दार. दिंडोशीच्या या वसाहतीत आम्ही दोघेही सुरुवातीपासून आहोत. माझे वडील गिरणीत, वहिनींचा नवरा गिरणीत. गिरणी बंद पडली तेव्हा सीतारामभाऊ एका गोदामात लागले आणि वहिनींनी घरातच पाळणाघर काढलं. अर्ध्या वसाहतीची पोरं त्यांच्या हातची पेज खाऊन मोठी झाली, त्यातली दोन आता मलाच 'अंकल' म्हणून लाजवतात. वहिनी सातवी शिकलेल्या. कादंबरी म्हटली की म्हणायच्या, "त्यापेक्षा मी दोन नारळ खवून ठेवीन."

भाऊ मात्र आठवड्याला दोन कादंबऱ्या संपवायचे. वसाहतीच्या कोपऱ्यावरच्या वाचनालयात जुन्या सभासदांची एक रीत आहे. वाचलेलं पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून प्रत्येक जण आत आपली खूण करून ठेवतो. कुणी एकविसाव्या पानावर टिंब देतो, कुणी शेवटच्या ओळीखाली बारीक फुली मारतो. भाऊंची खूण म्हणजे शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेलं मत, खाली 'सी. रा.' वाचनालयाच्या शेवंतीबाईंनी पहिली दोन वर्षं आरडाओरडा केला, मग स्वतःच ती मतं वाचून पुस्तक द्यायचं की नाही ते ठरवू लागल्या.

आता माझा पराक्रम. भाऊंनी परत केलेली पुस्तकं मी लगेच घ्यायचो. एकदा मला लहर आली. त्यांच्या मताखाली तिरक्या, नाजूक बायकी अक्षरात लिहिलं, 'तुमचं मत पटलं नाही. एक वाचक भगिनी.' पंधरा दिवसांनी भाऊ जिन्यात भेटले, शेवंतीबाईंनी त्यांना ते पान दाखवलं होतं, चेहरा असा की लॉटरी लागली. "हर्षद, कुणीतरी बाई माझी मतं वाचते रे!" मी म्हटलं, "जपून हां भाऊ, वहिनींना कळलं तर वाट लागेल." लाजले! अडुसष्टाव्या वर्षी तो माणूस लाजला.

मग काय, दीड वर्ष चाललं ते. मी लिहायचो, भाऊ तेच पुस्तक पुन्हा घेऊन उत्तर द्यायचे. म्हटलं, सत्तराव्या वाढदिवसाला केक कापताना सगळ्यांसमोर सांगू, झकास हशा होईल. पण मागच्या मार्गशीर्षात दुपारी जेवून खुर्चीत बसलेले भाऊ खुर्चीतून उठलेच नाहीत. सत्तरीला चार महिने राहिले होते.

मे महिन्यात वहिनी मुलीबरोबर, श्रुतिकाबरोबर, देवगडकडच्या गावी गेल्या. भाऊंच्या उशाशी वाचनालयाची तीन पुस्तकं तशीच पडली होती, ती पिशवीत टाकून नेली. गावात मोबाइलला रेंज नाही, श्रुतिका दिवसभर त्याच गावातल्या सासरच्या माणसांत. पडवीत बसून वहिनींनी जन्मात पहिल्यांदा कादंबरी उघडली.

परत आल्या त्या थेट आमच्याकडे, पिशवी हातात. मी म्हटलं, "वहिनी, फणस आणलात की काय?"

"गप बस मेल्या. हे बघ." पहिलं पुस्तक दीपगृहाच्या रखवालदाराचं. मागे भाऊंचं मत: 'चारशे पानं हा समुद्राकडे बघतो. आम्ही कोकणातले, आम्हाला समुद्राचं एवढं कौतुक नाही.' वहिनी म्हणाल्या, "बरोबर लिहिलंय. पण मला विचारशील तर, त्याला तीनशे पायऱ्या चढून भाकरी कोण नेऊन देत होतं, ते लेखकाला माहीतच नाही. बायको आहे म्हणतो, आणि पानभर नाही ती." दुसरी दोन भावांच्या भांडणाची. "ती चांगली. आमच्या गावचीच वाटली, फक्त आमच्याकडचे भाऊ कोर्टात एवढं शुद्ध बोलत नाहीत."

मग त्यांनी तिसरं पुस्तक उघडून माझ्या मांडीवर ठेवलं. चाळिशीत घर सोडून गेलेल्या एका बाईची कादंबरी. भाऊंनी लिहिलं होतं, 'बाई गेली हे पटलं नाही.' खाली तिरकं अक्षर: 'तिला कुणी थांब म्हणालंच नाही. पान १९० पुन्हा वाचा.' त्याखाली भाऊ: 'वाचलं. तुमचं बरोबर.' आणि त्याखाली, वरच्या उत्तरासारखंच मी आजवर न पाहिलेलं, कारण पुस्तक परत गेलंच नव्हतं: 'तुमच्याशी बोलायला बरं वाटतं. घरी पुस्तकांवर बोलायला माणूस नाही.'

"ही कोण?" वहिनींनी विचारलं.

मी पुस्तक मिटून म्हणालो, "असेल कुणीतरी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी भाऊंचाच सभासद क्रमांक आपल्या नावावर करून घेतला. मग जून, जुलै, ऑगस्ट. पाळणाघराची पोरं झोपली की वहिनी दारात खुर्ची टाकून वाचत बसायच्या, भाऊंनी वाचलेलंच, एकामागून एक. मला समोरून पानाचा आवाज यायचा. भाऊ पान उलटताना अंगठा ओला करायचे. वहिनीही आता तसंच करू लागल्या होत्या. खरं सांगतो, दोनदा मी भाऊ समजून हाक मारता मारता थांबलो.

मला वाटलं होतं, त्या बाईला शिव्या देतील. पहिल्या महिन्यात दिल्याही. दुसऱ्या महिन्यात म्हणाल्या, "शहाणी आहे रे ती. रहस्यकथेतला खुनी तिनं बरोबर धरला, ह्यांना कळलाच नव्हता." तिसऱ्या महिन्यात त्या तिच्याबद्दल समोरच्या इमारतीतल्या बाईसारखं बोलू लागल्या. विधवा असेल. मूलबाळ नसेल. वाचनालयात साडीवाली कुणी दिसली की हिचं अक्षर कसं असेल म्हणून बघत राहायच्या. एकदा त्यांनी मला एक पान दाखवलं: 'म्हातारपणी माणसाला शेवट सुखाचा नको, खरा हवा.' तिरकं अक्षर. मी ते कधी लिहिलं? मला आजही आठवत नाही. मी असलं लिहीत नाही हो. मी चेष्टेचा माणूस.

पण वहिनींची झोप गेली होती. श्रुतिका जिन्यात गाठून मला म्हणाली, "काका, आई सारखी विचारते, मी त्यांची कोण होते? तुम्हाला काही माहीत आहे का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. म्हटलं, "वहिनी, ती बाई मी आहे."

"आज कुठली तारीख? एक एप्रिल गेला."

मी पेन्सिल घेतली आणि वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं, पान १९० पुन्हा वाचा. त्यांनी पुस्तक आणलं, शेजारी ठेवलं, चष्मा पुसून बघितलं. मी गालफडात बसेल म्हणून तयार होतो. बसायला हवी होती.

"म्हणजे बाई नव्हतीच?"

"नव्हती, वहिनी. आईशप्पथ."

"आणि हे? माणूस नाही, हे कोणी लिहिलं?"

"ते भाऊंनी."

"मग बाई नसून माझा काय फायदा झाला, सांग."

वहिनी खिडकीकडे बघत म्हणाल्या, "लग्नाच्या पहिल्या वर्षी रोज म्हणायचे, सुगंधा, ऐक ना, किती छान लिहिलंय. मी म्हणायची, आधी नळाला पाणी आलंय ते भरा. मग म्हणायचे बंद झाले. मला वाटलं, बरं झालं."

पाळण्यातलं एक पोर कुरकुरलं. त्याला थोपटून आल्या आणि कपाटातून नवीन पुस्तक काढलं. शाळामास्तराच्या म्हातारपणाची कादंबरी. मागे भाऊंचं मत होतं: 'मास्तर एकटा पडला, वाईट वाटलं.' त्याखाली, बालवाडीच्या पोरासारख्या गोल, मोठ्या अक्षरात: 'मास्तर एकटा नव्हता. शेजारच्या खोलीत बायको होती. हाक मारायची होती. सु. रा.'

"लिही," त्यांनी पेन्सिल पुढे केली. "त्या बाईच्या अक्षरात."

"वहिनी, आता कशाला..."

"त्यांना दीड वर्ष उत्तरं दिलीस. मला दे."

मी घाबरून सवयीप्रमाणे विनोद लिहिला, मास्तरांना कमी ऐकू येत असेल. वहिनींनी वाचलं, खोडरबर घेतला आणि शांतपणे सगळं पुसलं. "ती बाई ह्यांची चेष्टा करत नव्हती. माझी करायची नाही. नीट लिही."

पुसलेल्या जागी कागद खरखरीत झाला होता. मी पेन्सिल टेकवली. काय लिहावं ते मला सुचत नव्हतं, पण अक्षर तिरकं व्हायला लागलं. लिहिलं: 'हाक तिनंही मारायला हवी होती. अजून मारता येईल.'

वहिनींनी ते दोनदा वाचलं. मग माझ्याकडे न बघता, माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाल्या, "बाई, हे मात्र तुमचं बरोबर." आणि अंगठा ओला करून पुस्तकाचं पहिलं पान काढून मोठ्यानं वाचायला लागल्या.

मी उठलो नाही. उठायला खरं तर घाबरलो.