खंडोजीरावांची भलतीकडे गेलेली ओवाळणी

म्हैसूरच्या विजयनगर भागात राहणाऱ्या खंडोजीरावांना बँकेत जायला मनापासून आवडायचं. त्यांचे पूर्वज तिथल्या महाराजांच्या घोडदळात होते; खुद्द त्यांनी जन्मभर सरकारी बस चालवली. निवृत्तीनंतर पेन्शनचं निमित्त करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते बँकेत जात आणि गप्पा मारून जेवायच्या वेळेला घरी येत. फोनवरून पैसे पाठवणं त्यांना पटत नसे.

मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि बाहेर पडणं थांबलं. मुलगी यशस्विनीनं त्यांच्या फोनवर बँकेचं ॲप घालून दिलं. पिन कुणाला सांगायचा नाही, मलासुद्धा नाही, असं तिनं बजावलं. विजेचं पहिलं बिल त्यांनी झोपाळ्यावर बसून भरलं आणि इतके खूश झाले, की कुंपणापलीकडच्या दामोदररावांना हाक मारून तुमचंही भरून देऊ का, असं विचारलं.

भाऊबीजेला ते दरवर्षी कृष्णराजनगरला धाकट्या बहिणीकडे, वनजाकडे जात. यंदा तिनं व्हिडिओ कॉलवरच ओवाळलं. यांनी लगेच तिचा नंबर टाकून ओवाळणी पाठवली. पैसे आले नाहीत, असं वनजा सांगू लागली, तेव्हा तिला आणखी हवे असतील, असं यांना वाटलं. खूप चेष्टा करून झाल्यावर त्यांनी स्क्रीन नीट पाहिली. तिथं वेदवती असं नाव होतं. नंबरातला एक आकडा चुकला होता, आणि पिन घालण्याआधी समोर आलेलं नाव यांनी घाईत वाचलंच नव्हतं.

त्यांनी त्या नंबरवर फोन केला. हुणसूरच्या एका निवृत्त शिक्षिकेनं तो घेतला. अम्मा, चुकून माझे पैसे तुमच्याकडे आलेत, तेवढे परत पाठवा, असं हे कन्नडमध्ये अगदी नम्रपणे म्हणाले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग झाडायला सुरुवात केली. असंच गोड बोलून कुणीतरी त्यांच्या भावाला लिंक पाठवली होती आणि त्याचं खातं रिकामं केलं होतं.

“पैसे खरंच तुमचे असतील तर तुमच्या बँकेत जाऊन सांगा,” त्या म्हणाल्या. “बँकेनं विचारलं तर मी हो म्हणेन. तुमच्या सांगण्यावरून मी एक बटणही दाबणार नाही.”

फोन बंद झाला. बसमध्ये विसरलेली पिशवी शोधून ज्याची त्याला पोचवणाऱ्या माणसाला आज कुणीतरी चोर म्हटलं होतं. त्या संध्याकाळी त्यांनी कॉफीसुद्धा घेतली नाही. यशस्विनी मात्र आधी पोट धरून हसली.

“अप्पा, त्या बाईंचं सरीच आहे की, अगदी बरोबर आहे,” ती म्हणाली. “तुम्हाला असा फोन आला असता, तर मीही हेच सांगितलं असतं.”

दुसऱ्या दिवशी काठी घेऊन, रिक्षा करून खंडोजीराव बँकेत गेले. सगळ्यांनी आधी गुडघ्याची चौकशी केली, मग तक्रार लिहून घेतली. त्यांच्या बँकेनं बाईंच्या बँकेला कळवलं आणि बाईंनी शब्द दिल्याप्रमाणे होकार दिला. या सगळ्यात बरेच दिवस गेले. पैशांचं काय झालं, हे विचारायला वनजा रोज फोन करी आणि मग भावाबहिणीच्या गप्पा लांबत.

पैसे परत आले त्या दिवशी हुणसूरहून फोन आला. नको ते बोलले, मनावर घेऊ नका, असं वेदवतीबाई म्हणाल्या.

“छे, अम्मा, बरं झालं बोललात,” खंडोजीराव म्हणाले. “उद्या मला असा फोन आला तर मलाही असंच बोलायचं आहे. काय काय बोललात, ते परत एकदा सांगा बघू.”

बाई हसल्या आणि त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी जरा सावकाश.

आता खंडोजीराव दुकानात पैसे देताना स्क्रीनवरचं नाव मोठ्यानं वाचतात. दुकानदार हो म्हणेपर्यंत पिन घालत नाहीत. मागचे लोक खोळंबतात, पण यांना घाई नसते.