वाडीचं नवं थांबलं होतं

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझी पोस्टिंग उत्तरेकडच्या एका लष्करी इस्पितळात होती. सर्जिकल वॉर्ड, डे ड्यूटी, रँक कॅप्टन. आर्मीतल्या नर्सलाही रँक असते आणि जवान तिला सॅल्यूट करतात, हे आमच्या शहापुरात कुणाला खरं वाटायचं नाही. मला मात्र ते जरा जास्तच खरं वाटायचं. मी सकाळचा राउंड घेतल्याशिवाय सूर्य वर येत नाही, अशी तेव्हा माझी समजूत होती.

बेड आठवर शिपाई चिंतामण होता. स्प्लिंटर इंजुरी, मान आणि छाती. घर मुरबाड तालुक्यात, वैशाखऱ्याच्या वर, कड्याखालच्या एका वाडीत. मी शहापूरची आहे हे कळल्यावर त्याला बोलायला माणूस मिळालं.

अंग पुसताना त्याच्या पोटावर जुने डाग दिसले. बेंबीभोवती पाच. आमच्याकडे डोंगरवस्तीत तान्ह्या मुलाचं पोट फुगलं की तापवलेल्या विळ्याने असे डाग द्यायचे. मी कमरेवर हात ठेवून त्याला आरोग्यावर व्याख्यान दिलं. ऐकणाऱ्याच्या छातीत लोखंड आहे, याचा विचार केला नाही.

"हे अघोरी आहे. समजलं?"

"येस मॅडम."

"मग हसतोस कशाला?"

"मी मेलो नाय ना त्यानं, मॅडम."

मग कारवीची गोष्ट निघाली. कारवी म्हणजे कड्याउतारावरची झुडपं, सात वर्षांनी एकदा फुलतात. "या साली फुलायची. मागल्या टायमाला मी भरतीला गेलतो. ऱ्हायली बघायची. अवंदा सुट्टी टाकतो." मी म्हटलं, "आधी बरा हो." ती ऑर्डर होती. माझ्या वॉर्डातली ती एकच ऑर्डर त्याने पाळली नाही. एका सकाळी माझ्याच ड्यूटीत तो गेला. मी वेळ लिहिली, सही केली आणि बेड नऊकडे वळले. वॉर्डात असंच चालतं.

त्याला घरी पोचवायला गेलेला हवालदार परत आला तेव्हा म्हणाला, "मॅडम, पेटी सीलबंद होती. उघडू नका असा हुकूम होता. आई म्हणते, पेटीत दगड असतील. पोरगा कुठंतरी जिता आहे म्हणते. कुणाचं ऐकत नाही."

आश्विनात माझी अ‍ॅन्युअल लीव्ह होती. मी ठरवलं, जायचं. मला कुणी पाठवलं नव्हतं. पण माझ्या डोक्यात ऑपरेशन तयार होतं.

ऑपरेशनला वाहन आणि ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर कुंदा होती. कुंदा माझी लहानपणापासूनची मैत्रीण, शहापुरात पिठाची गिरणी चालवायची. घरची स्कूटर नवऱ्यापेक्षा तिच्याच ताब्यात जास्त. मला स्कूटर येत नव्हती. मी मागे बसून हुकूम द्यायचे.

उजाडता निघालो. मी स्टार्च केलेली पांढरी साडी नेसले होते. पायात पॉलिश केलेले काळे बूट. कुंदाने मला वरून खालपर्यंत पाहिलं.

"सुमे, परेडला चाललीस का माणसांत?"

"डिसिप्लिन आहे ते."

"बस. चिखलाला दाखव तुझी डिसिप्लिन."

शेणव्यापर्यंत रस्ता बरा होता. तिथून डोळखांबकडे आणि पुढे आडरस्त्यांनी टोकावड्याला निघायचं होतं. पावसाने डांबर धुऊन नेलं होतं. दोन्ही बाजूंना लवकर पिकणारा हळवा भात पिवळा पडलेला, उशिराचा गरवा अजून हिरवा. मी मागून "स्लो", "हाफ लेफ्ट" असं सांगत होते. बराच वेळ कुंदाने ऐकून घेतलं. मग गाडी थांबवली.

"गो, लेफ्टला खड्डा हाय न् राईटला म्हैस. हाफ कुठं घेऊ?"

त्यानंतर मी रेडिओ सायलेन्स पाळला.

एका चढावर स्कूटर फुरफुरली आणि बंद पडली. कुंदाने प्लग काढला, पदराने पुसला, पॉलिश पेपरने घासला, तोंडाने फुंकला. मग गाडी एका अंगाला वाकवून धरली आणि किक मारली. मी शेजारी उभी राहून टॉर्च धरला होता. भर सकाळी. इक्विपमेंट आणलंय तर वापरायला हवं, हे माझं तत्त्व.

पुढे ओढ्यावरचा फरशी पूल पाण्याखाली होता. पाणी फार नव्हतं, पण तळ दिसत नव्हता. मी म्हटलं, "तू थांब. मी रेकी करते." साडी खोचली, बूट घालूनच पाण्यात शिरले, चार पावलं ऐटीत टाकली आणि फरशीच्या कडेवरून खाली गेले. कमरेपर्यंत. कुंदाने माझी वेणी धरून मला वर ओढलं. डावा बूट ओढ्याला आवडला, त्याने ठेवून घेतला. उजवा मीच काढून पिशवीत टाकला.

"रेकी झाली?" कुंदाने विचारलं.

"रूट क्लिअर आहे," मी म्हटलं. "उजवीकडून घे."

दुपारी वैशाखऱ्याला चहाला थांबलो. टपरीवरच्या म्हाताऱ्याने माझ्या अनवाणी पायांकडे पाहत विचारलं, कुठं चाललाव. वाडीचं नाव सांगितलं तशी त्याने हातातली किटली खाली ठेवली.

"मिल्ट्रीवाल्याच्या घरी? जाऊन या. नवं थांबलंय त्यांचं."

"म्हणजे?"

"नवा भात कापलाय, पन खात नाय कोन. आदी घरातल्या मेलेल्यांना वाढायचा, नाव घेऊन. मंग जित्यांनी खायचा. समदी वाडी एकाच दिशी करते. ती म्हातारी पोराचं नाव घ्यायची नाय न् त्याला वगळून वाढायची बी नाय. तिचं घर थांबलं, वाडी थांबली. पोरांला नाचणी घालतात न् भात राखीत बसतात."

"कुणी सांगत नाही तिला?"

"काय सांगायचं? मेलेला पायलाय कोनी?"

चहा तसाच राहिला. मी पाहिला होता. त्या सगळ्या मुलखात मी एकटीने पाहिला होता.

तिथून कच्चा रस्ता कड्याच्या रोखाने चढत गेला. शेवटच्या वळणावर कुंदाने ब्रेक मारला आणि इंजिन बंद केलं. मला वाटलं, पुन्हा प्लग. पण ती समोर बघत होती.

कड्याखालचा सगळा उतार जांभळा होता. मध्ये हिरवं नव्हतं, दगड दिसत नव्हते. खालपासून ढगापर्यंत फूल. आणि आवाज. पहिल्यांदा वाटलं, पलीकडे धबधबा असेल. मधमाश्या होत्या. अख्खा डोंगर एका सुरात घुमत होता, तो आवाज छातीच्या फासळीत लागत होता. मी शहापुरात वाढले. तिथून दिवसभराच्या वाटेवर हे होतं आणि मी कधी आले नव्हते.  

"हीच का गो त्याची?" कुंदा हळूच म्हणाली.

मी मान हलवली. आम्ही तिथून स्कूटर ढकलत नेली. इंजिन लावायला दोघींचाही हात होईना.

वाडी वीसेक घरांची. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली अंगणं. म्हातारी ओटीवर बसली होती. चौकटीवर नव्या भाताच्या लोंब्यांची जुडी टांगलेली, दाणा न काढलेली. तिने आधी पाय धुवायला पाणी दिलं. मग बसा म्हणाली. मी बसले नाही. चिखलाने भरलेली साडी, अनवाणी पाय, आणि मी सावधान उभी राहिले. पाठ केलेलं भाषण सुरू केलं. तुमच्या मुलाने कर्तव्य बजावताना, देशाला अभिमान, वगैरे.

तिने मध्येच थांबवलं. "ह्येच त्यो सायेब बी बोलला. त्यानं पायला नव्हता. तू पायलास?"

"हो. माझ्या वॉर्डात होता."

"हात लावलास अंगाला?"

"रोज अंग पुसायचे."

तिचे डोळे बारीक झाले. आजूबाजूच्या अंगणांत माणसं येऊन उभी राहिली होती.  "मंग सांग. पोटावर काय होतं?"

"डाग," मी म्हटलं. "बेंबीभोवती पाच. चार सरळ आणि खालचा एक वाकडा."

 तिने स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं.

"पाय झाडला त्यानं," ती म्हणाली. "चार दिलं तवर निपचित पडलेला. मेल्यावानी. पाचव्याला पाय झाडला न् माजा हात हालला. सुईन बोलली, झाडतंय, जगंल आता." मग तिने विचारलं, "तुज्याकडं झाडला का?"

"नाही, आई. शांत गेला. मी जवळ होते."

ती रडली नाही. गुडघ्यावर हात टेकून उठली, चौकटीवरची जुडी काढली, सुपात दाणे झोडले, उखळात ओतले आणि मुसळ उचललं. पहिला घाव पडला तेव्हा कुंदाने माझं मनगट धरलं. दुसरा, तिसरा. मग शेजारच्या घरातून एक घाव ऐकू आला. त्याच्या पलीकडून आणखी एक. थोड्याच वेळात सगळी वाडी कांडत होती. प्रत्येक उखळाचा आवाज निराळा, आणि वर तो डोंगर घुमत होता. मी तोफांचे आवाज ऐकले आहेत. इतकं मोठं काही ऐकलेलं नाही.

भात शिजला. पळसाच्या पानांवर मेलेल्यांचे घास मांडले गेले. म्हातारीने सासऱ्याचं नाव घेतलं, सासूचं, नवऱ्याचं, न वाचलेल्या एका लेकीचं. मग शेवटच्या पानाशी थांबली. कुणी घाई केली नाही.

"चिंतामण," ती म्हणाली. "ये, जेव."

मग पोरांना वाढलं. मग आम्हाला.

परतीला ऊन कलतं होतं. मी हुकूम दिले नाहीत आणि कुंदाने टोमणे मारले नाहीत. शेणवा मागे टाकल्यावर ती एवढंच म्हणाली, "ह्ये कांडण ऐकल्यावर उद्या गिरणी लावू का नको, कळत नाय गो." दुसऱ्या दिवशी तिने गिरणी लावली. मी सुट्टी संपवून ड्यूटीवर हजर झाले. डाव्या बुटाबद्दल क्वार्टरमास्टरने विचारलं, तेव्हा "लॉस्ट इन ऑपरेशन" असं सांगितलं. त्याने लिहून घेतलं.

आता मी रिटायर झाले आहे. लेक स्कूटर चालवते, मी मागे बसते आणि अजूनही "हाफ लेफ्ट" म्हणते. पण घरात नवा तांदूळ आला की पहिल्यांदा मी पानं मांडते. माझ्या वॉर्डात गेलेल्यांची नावं घेते. बलबीर. थंगराज. लालमुआना. चिंतामणाचं सगळ्यात शेवटी, कारण तिथे त्याचं शेवटी घेतलं होतं. तोवर घरात कुणी घास उचलत नाही. लेकीने एकदा विचारलं, ही सगळी आपली कोण.

मी म्हटलं, "तू थांब. आधी त्यांना जेवू दे."