घरचा डेक

आज ज्याला विंटेज म्हणतात, त्याला आमच्या वेळी सेकंडहँड म्हणत. माझे वडील, म्हणजे आबा, त्याला सरळ 'कुनीतरी टाकल्यालं' म्हणत.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. पुण्यातल्या एका निवृत्त साहेबांच्या घरी सीडी आली आणि त्यांचा जपानी कॅसेट डेक पोरका झाला. मी तेव्हा बारामतीत एका बँकेत कारकून होतो आणि राहायला कळसला, शेतातल्या घरी. कारकुनाला गाण्यातलं कळू नये असा काही नियम नाही, म्हणून मला ते कळतं असं मी सगळ्यांना सांगत असे. डेक बघितला आणि मी खुळावलो. चांदीसारखा चेहरा, टेपवरचा आवाज टिपणारे तीन हेड, आवाजाबरोबर थरथरणारे दोन काटे. बटण दाबलं की कॅसेटचं दार खाडकन उघडत नसे, सावकाश, घरंदाज बाईनं पदर सारखा करावा तसं उघडे.

वाकळेत गुंडाळून, मांडीवर घेऊन एसटीनं मी तो आणला. भिगवणला गाडी बदलली तेव्हा शेजारच्या बाईनं मासळीची पाटी त्याला टेकवून ठेवली. पुढं महिनाभर आमच्या घरात मालकंसाला चिलापीचा वास येत होता.

घरात आम्ही तिघंच. आई आम्ही लहान असतानाच गेली. आबा, मी आणि माझ्याहून धाकटी बहीण. आमच्या घरानं मेंढरं सोडून ऊस धरला त्याला फार वर्षं झाली नव्हती, त्यामुळे आबांच्या बोलण्यात अजून मेंढरंच असायची. मी रविवारी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून डेकचे हेड पुसत बसलो की ते दारातनं बघायचे आणि म्हणायचे, "येवढी निगा आमी लांबड्या कानाच्या मेंढीची ठेवली न्हाय."

एकदा त्यांना आग्रहानं बसवून विलंबित खयाल ऐकवला. आबा मन लावून बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "गडी गळा लई साफ करतोय. गानं कवा म्हननार?" तेवढ्यात कॅसेटची बाजू संपली. "आँ? सुरू व्हायच्या आदीच संपलं?" असं म्हणून ते उसाला पाण्याचं बारं द्यायला निघून गेले.

बहीण मात्र चुलीपाशी भाकरी थापता थापता ऐकायची, आणि तिचं एकच म्हणणं असायचं. "दादा, आवाज वाढव की!" मग मी तिला व्याख्यान द्यायचो. चांगला आवाज मोठा नसतो, चांगला आवाज स्वच्छ असतो, दोन सुरांच्या मधली शांतता ऐकायची असते. ती म्हणायची, "शांतता ऐकायला डेक कशाला लागतुया? शेतात जाऊन बस की." आवाज मी वाढवला नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.

आता एका शब्दाची भानगड सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या शब्दानं केलं. आमच्या भागात डेक म्हणजे कॅसेट वाजवायचं यंत्र नव्हे. डेक म्हणजे दणका. उसाच्या ट्रॅक्टरवर असतो तो डेक, वरातीत वाजतो तो डेक, ज्याच्या आवाजानं गोठ्यातली म्हैस दावं तोडते तो डेक. माझा डेक तर जातीचा मुका. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरची खोकी, घरी माझी होती तसली लहान का होईना, जोडल्याशिवाय त्यातून हूं की चूं येत नाही. पण 'बँकवाल्यानं पुण्यासनं डेक आणला' ही बातमी गावभर झाली आणि माणसं जावळाला, बारशाला, सत्यनारायणाला डेक मागायला येऊ लागली. हा तसला नाही, म्हटलं की विचारायची, "मग कसला?" मी समजावायचो. ती ऐकून घ्यायची आणि वाटेला लागताना आपसांत म्हणायची, "द्यायचा नसंल तर न्हाय म्हनावं मानसानं."

अशात बहिणीचं जमलं. मुलगा जळोचीचा, भाजीपाल्याची बागायत, माणसं चांगली. आमच्या ओसरीवर बैठक बसली. लग्न मुलीच्या दारात, कळसला. मांडव कुणाचा, जेवण कुणाचं, मानपान कसा, सगळं गोडीत ठरत गेलं. शेवटी नवरदेवाच्या चुलत्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि विचारलं, "आन डेकाचं काय?"

मी चहाचं ताट घेऊन उभा होतो. आबा ताठ बसले आणि छाती काढून म्हणाले, "डेक आमचा. घरचा हाय!"

पाहुण्यांनी एकमेकांकडं बघितलं. घरचा मांडव कुणाचा नसतो, घरचा डेक तर तालुक्यात कुणाचा नसेल. चुलते म्हणाले, "मग तर काय बोलायलाच नगं," आणि सुपारी फुटली. माझ्या हातातलं ताट वाजत होतं, तेवढाच काय तो त्या दिवशी घरच्या डेकाचा आवाज.

पाहुणे गेल्यावर मी आबांवर उखडलो. हा डेक मांडवात वाजायचा नाही, धुरळ्यानं मरेल, हे गेलं वर्षभर कुणाला सांगत होतो मी? आबा म्हणाले, "पाच मानसांत शबूद गेलाय. आता तू आन तुझा डेक बघा." बहीण उंबऱ्यात उभी होती. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "दादा, तिथं जलमभर ऐकावं लागंल मला. घरचा डेक म्हनं, वाजलाच न्हाय."

त्यापुढं माझं तत्त्व चालेना. मी भिगवणच्या एका मांडववाल्याला गाठलं. कर्णे, मोठी खोकी, जनरेटर सगळं त्याचं, फक्त कॅसेट माझ्या डेकवर लावायची आणि वायर त्याच्या मशिनला जोडायची, असं ठरलं. सोन्याच्या ताटात हुलग्याचं माडगं वाढावं तसं मला वाटत होतं, पण ठरलं.

लग्नाच्या सकाळी टेबलावर डेक मांडला. आबांनी त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. बरं, नारळाचं पाणी त्याच्यावर शिंपडलं नाही, एवढी दया केली. मी वायरी जोडतोय तोवर निरोप आला की वऱ्हाड फाट्यावर आलंय. मला सामोरं जावं लागलं. वऱ्हाड घेऊन परतलो तर कर्णे दणाणत होते आणि डेकावर आबांचं नवंकोरं उपरणं पांघरलेलं होतं. वर झेंडूचा हार. शेजारी खुर्ची टाकून आबा राखणीला बसलेले. "धुरळा लई हाय," ते म्हणाले. एवढ्या दिवसांनी माझ्या बापाला डेक कळला होता.

मग मी मोकाट सुटलो. नवरदेवाच्या चुलत्यांना कर्ण्याखाली उभं करून सांगू लागलो, "पाहुणे, तळाचा, खर्जातला आवाज ऐका. कसा गोल येतोय बघा. बाजारातल्या टेपला हे जमायचं नाही. तीन हेडची करामत आहे." चुलते डोळे मिटून मान हलवत म्हणाले, "घरचा म्हनल्यावर फरक पडतोच की." आणखी चार पाहुण्यांना फरक पडला. पंगती उठेपर्यंत सगळ्या वऱ्हाडाला फरक कळू लागला होता.

ऊन कलल्यावर बहिणीची पाठवणी झाली. जीपमध्ये बसताना चुलते आबांना म्हणाले, "इवाई, नाव काडलं डेकानं." डोळे पुसता पुसता बहीण हसली. ते हसू बघून माझा जीव भांड्यात पडला.

जीप गेली आणि मी डेक आवरायला आलो. उपरणं काढलं, वर हात ठेवला आणि चपापलो. दिवसभर चालू असलेला डेक हाताला कोमट लागतो. हा गार होता. खाली वाकून बघितलं तर वायर सुटलेली, प्लग गुंडाळून ठेवलेला, आणि टेबलाखाली मांडववाल्याचा मळका टेप, त्याच्या मशिनला जोडलेला. ज्याचा तळाचा आवाज मी दिवसभर वऱ्हाडाला ऐकवत होतो, तो हाच.

मी आबांकडं बघितलं. ते खुर्ची सोडून उठलेही नव्हते.

"जनरेटर उचक्या देत व्हता," ते म्हणाले. "दिवं कमीजास्त व्हायला लागलं. तुझा डेक जळला आसता म्हंजी?"

"पण तुम्ही शब्द दिला होता."

"डेक आमचा म्हनलो व्हतो. मांडवात व्हता का न्हवता?" मग म्हणाले, "पैदाशीचा मेंढा टकरीला सोडत आस्त्यात व्हय रं?"

मी डेक छातीशी धरून घरात नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडव उतरला. माणसं गेली. आबा ओसरीवर नुसतेच बसून होते, रानात जायचं नावच काढत नव्हते. मग आत आले, डेकासमोर मांडी घातली आणि म्हणाले, "लाव तुझं ते गळा साफ करनारं."

मी लावलं. माझ्या सवयीचा आवाज, स्वच्छ आणि बेताचा. काटे थरथरत होते. आबा ऐकत होते की नाही कोण जाणे, ते चुलीकडं बघत होते. चूल पेटलेली नव्हती. दोन सुरांच्या मधली शांतता त्या दिवशी मला फार लांब वाटली.

"आवाज वाढव की," आबा म्हणाले. "घर लई गप झालंय."

मी वाढवला. खिडकीचं तावदान थरथरायला लागलं.

"आजून," आबा म्हणाले.